कांद्याचं सूप

मी अमेरिकेत एका विद्यापीठाच्या रुग्णालयात औषधचाचण्यांची कोऑर्डिनेटर आहे. सध्याची चाचणी अल्झायमर नुकताच सुरू झालेल्यांवर: डासाटिनिब आणि क्वेर्सेटिन. पहिलं २००६ पासून रक्ताच्या कर्करोगावर वापरतात, दुसरं कांद्यात असतं. म्हाताऱ्या होऊनही मरायचं नाव न घेणाऱ्या पेशी या जोडीने हटतात, हे आधी उंदरांत दिसलं. दोन दिवस गोळ्या, दोन आठवडे सुटी, असे सहा फेरे. औषध मेंदूपर्यंत पोचतं का आणि माणसाला झेपतं का, एवढंच सध्या बघायचंय. आठवण सुधारेल का, हा प्रश्न पुढचा. प्रत्येक कुटुंबाला मी हे तीनदा सांगते. ऐकू कुणालाच जात नाही.

परवा एका आजोबांच्या पाठीतलं पाणी घ्यायचं होतं; मेंदूभोवती असतं तेच हे पाणी. सुई बारीक, बोथट टोकाची, म्हणजे नंतर डोकं कमी दुखतं. पाणी ओढायचं नाही, थेंब थेंब पडू द्यायचं. नळी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचीच हवी. काचेला अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, चिकटून बसतं आणि आकडा खोटाच कमी येतो. मागे एका रेसिडेंटने हाताला येईल ती नळी उचलली होती. डॉक्टरांना नळीचं काय!

नळ्या उणे ८० च्या फ्रीजरमध्ये गेल्या आणि आजींनी पर्समधून ओमेप्राझोलची डबी काढली. चार दिवस देत होत्या. सकाळी फॉर्मवर ‘नवीन औषध नाही’ लिहिलेलं. दुकानातून आणलेल्या गोळीला औषध कोण म्हणतं? पण डासाटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि ही गोळी नेमकं तेच कमी करते.

“अहो, पण ही कशासाठी?”

“छातीत जळजळतंय त्याच्या. रोज कांद्याचं सूप देते ना. तूच म्हणाली होतीस.”

म्हणाले होते खरी. पहिल्या भेटीत दोघं घाबरलेली, म्हणून हसवायला: मी लासलगावची, आमच्याकडे तुमचं औषध ट्रॅक्टरने येतं. एका दिवसाच्या १००० मिलिग्रॅमसाठी काही किलो कांदे खावे लागतील, हे तेव्हा सांगायचं राहिलं.

२०२३ मध्ये छापून आलेल्या अशाच चाचणीत माणसं पाचच होती. चौघांच्या पाण्यात डासाटिनिब सापडलं, क्वेर्सेटिन कुणाच्याच नाही. एवढ्याशा चाचणीत एक नळी म्हणजे काय, ते आकडेवारी मांडणाऱ्यांना विचारा.

नियमभंगाच्या फॉर्मवर कारण म्हणून ओमेप्राझोल लिहिलं. कांदा लिहिला नाही.

निघताना आजी म्हणाल्या, “मग सूप बंद करू? त्याला आता आवडायला लागलंय.”