ग्रेट स्वाम्पचे लाल मेपल : ऑक्टोबरची वाट पाहू नका

न्यू जर्सीतल्या एडिसनकडची आपली मंडळी फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधीचे झाडांचे रंग, म्हटलं की ऑक्टोबरच्या मध्याचं व्हरमाँटचं बुकिंग शोधायला लागतात. जरूर जा, पण त्याआधी सप्टेंबरअखेरीस बास्किंग रिजजवळच्या ग्रेट स्वाम्प अभयारण्यात जाऊन या. गाडीने तासाभराच्या आत पोचता. आम्ही गेलो तेव्हा रस्त्याकडेचे ओक अजून हिरवेगार होते आणि दलदलीतले रेड मेपल लालभडक. मुळं सतत पाण्यात असली की त्यांना हवा कमी पडते, त्या ताणाने ही झाडं कोरड्या जागच्या भाऊबंदांच्या आधीच रंगतात. इथे त्यांना स्वाम्प मेपलच म्हणतात.

हिमयुगाच्या शेवटी इथे हिमनदीच्या पाण्याचं मोठं सरोवर होतं. त्याच्या तळाची चिकणमाती उरली आणि ती पाणी मुरू देत नाही. १९५९ मध्ये याच जागेवर विमानतळाचा घाट घातला गेला. आसपासच्या लोकांनी पैसे गोळा करून जवळपास ३,००० एकर जमीन विकत घेतली, केंद्र सरकारला दिली, आणि १९६० मध्ये अभयारण्य झालं. ते लोक तेव्हा गप्प बसले असते तर आज या झाडांच्या जागी धावपट्टी असती.

लाँग हिल रोडवरच्या निरीक्षण केंद्रापासून सुरुवात करा. तिथला लाकडी बोर्डवॉक थेट दलदलीवरून जातो, त्यामुळे भारतातून आलेल्या आईबाबांनाही चालायला सोपं पडतं. वर फोटो काढून झाले की कठड्यावरून खाली बघा. खोड पाण्यात नाही, मुळांनी आणि शेवाळाने धरलेल्या छोट्या उंचवट्यावर उभं असतं. मुळं खोल न जाता वरच्या वर आडवी पसरतात. कोरड्या जमिनीत हाच मेपल खोल सोटमूळ धरतो. इतकं जमवून घेणारं झाड मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पान ओळखायला सोपं आहे : कडा करवती, खालची बाजू पांढुरकी, देठ बहुधा लाल. ज्याच्या रसाचं सिरप प्रसिद्ध आहे त्या शुगर मेपलच्या कडा अशा करवती नसतात.

प्रवेश फुकट, वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. सकाळी लवकर जा, गर्दी नसते. आत खायला काही मिळत नाही, डबा आणि पाणी बरोबर ठेवा. टिक्सकडे (अंगाला चिकटून चावणाऱ्या गोचिडांकडे) दुर्लक्ष करू नका. फुल पँट घाला, ती मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, कानांमागे, केसांत नीट तपासा. पूर्वेकडच्या वनक्षेत्रात बोर्डवॉक नाही. तिथे चिखल ठरलेलाच, गमबूट असतील तरच वळा.

सप्टेंबर हुकला तर मार्चअखेर ते एप्रिलमध्ये जा. पानं फुटायच्या आधी फांद्यांवर बारीक लाल फुलं येतात. दुर्बीण असेल तर न्याच.