पंधरा मिनिटांचा उशीर

आज बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूरकडं पावसाची झड, आणि पहिलीच्या वर्गात अर्ध्या चटया रिकाम्या. जीव तुटतो.

रोज पंधरा मिनिटं उशीर, म्हणजे २०० दिवसांत ५० तास! आणि तेही सकाळचे. क्षीरभाग्य या कर्नाटक सरकारच्या योजनेतून शाळेत मिळणारं दूध हुकतं, बाईंनी फळ्यावर गिरवून घेतलेलं नवं अक्षर हुकतं. आपल्या पोरांना तर मराठीसोबत कन्नडही शिकायचं असतं. आज 'ग' चुकला की उद्या 'गवत' वाचताना पोर अडतं, मग पोटात दुखायला लागतं.

दप्तर रात्रीच भरा, नऊला झोपवा. जत्रेला एक दिवस पुरे, तीन नकोत. आणि पावसाळ्यात दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा शर्ट-चड्डी ठेवाच. वाटेत भिजलं म्हणून पोराला माघारी आणावं लागत नाही.