तुम्ही विचारलंत म्हणून: माशाचं काळीज आणि तात्यांचा खोडवा

गावी गेलं की पहिल्या चहालाच प्रश्न येतो. "माशाचं काळीज कापलं तरी परत उगवतं म्हणतीस, मग माणसाचं का नाही?" मी पुण्यात झेब्राफिशच्या हृदयावर काम करते हे वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात आता सगळ्यांना माहीत आहे. शाळेतल्या बाईंनी विचारलं, एसटीत शेजारी बसलेल्या आजींनीही विचारलं. तात्यांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या, विचारण्याला मात्र धार असते. गेल्या वर्षी त्यांना अटॅक आला, मिरजेला नेऊन स्टेंट घातला, आणि आता त्यांच्या रिपोर्टवर 'पंपिंग ३५ टक्के' असं आहे, म्हणजे दर ठोक्याला हृदय आत भरलेल्या रक्तापैकी तेवढंच बाहेर ढकलतं.

आधी काळजाचं मिटवते. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर मिळतं ते यकृत, आणि ते तर माणसाचंही कापल्यावर बरंचसं परत वाढतं. प्रश्न आहे तो धडधडणाऱ्या हृदयाचा.

झेब्राफिश म्हणजे तीन-चार सेंटिमीटरचा, अंगावर निळे पट्टे असलेला मासा. मत्स्यालयाच्या दुकानात सहज मिळतो. मूळचा आपल्याकडचाच, भारत-बांगलादेशातल्या ओढ्यांतला, भातखाचरांतला. त्याच्या हृदयाला दोनच कप्पे. त्यातल्या खालच्या कप्प्याचं टोक, सुमारे २० टक्के, कापून टाकलं तरी दोन महिन्यांत ते भरून येतं, हे २००२ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. ते कापायचं कसं, हे तात्यांना फार आवडीनं ऐकायचं असतं. माशाला भुलीच्या पाण्यात टाकायचं, ओल्या स्पंजच्या चिरेत पोट वर करून ठेवायचं, छातीला छोटा छेद द्यायचा. लालबुंद हृदय, मोहरीच्या दाण्याएवढं, आपसूक वर येतं. बारीक कात्रीनं टोक छाटलं की रक्त येतं, काही सेकंदांत गोठतं. मग मासा साध्या पाण्यात सोडायचा आणि पिपेटनं त्याच्या कल्ल्यांवर पाणी मारत राहायचं. कल्ले हलले की माझा श्वास सुटतो. पहिल्यांदा केलं तेव्हा माझेच हात इतके थरथरत होते की शेजारच्या सरांनी कात्री काढून घेतली.

हे ऐकून तात्या म्हणाले, "व्हय गं, म्हंजे खोडव्यावानीच की."

उपमा मला इतकी पटली की त्या रात्री मी ती वहीत लिहून ठेवली. खोडवा म्हणजे ऊस तोडला, बुडखा जमिनीत राहिला, त्याच्या डोळ्यांतून, म्हणजे कांड्यावरच्या कोंबांतून, पुन्हा फुटवे आले. शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं, की हृदयात कुठंतरी नव्या पेशी घडवू शकणाऱ्या, झोपलेल्या मूलपेशी असतील आणि जखम झाली की त्या जाग्या होत असतील. पण २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी पेशींना रंगखुणा करून त्यांचा माग काढला, तेव्हा भलतंच निघालं. नवं मांस डोळ्यांतून येत नव्हतं. जखमेजवळच्या, रोज आकुंचन पावणाऱ्या, कामावरच्या स्नायूपेशीच आपली आकुंचनाची अवजारं थोडी मोडून ठेवत होत्या, जरा लहान वयात जात होत्या आणि दुभंगत होत्या. खोडव्याच्या भाषेत सांगायचं तर उभं कांडंच पुन्हा कोवळं होऊन शेजारी दुसरं कांडं घालत होतं. तात्यांना हे पटेना. "कांडं कधी डोळं सोडून फुटतं का?" माशात फुटतं, काय करणार.

'लहान वयात' हे मी उगाच म्हटलं नाही. गर्भात हृदय घडताना जी काही जनुकं चालू असतात, त्यातलीच काही जखमेनंतर पुन्हा चालू होतात. आणि माशाचं हृदय घडताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट बघता येतं, कारण त्याचा गर्भ काचेसारखा आरपार असतो. दोन बाजूंच्या पेशींच्या पट्ट्या मध्यावर येतात, जुळतात, त्यांची नळी होते आणि अंडं फळल्यावर साधारण २४ तासांत ती नळी हलायला लागते. दुसऱ्या दिवशी तिला वळण पडून कप्पे दिसू लागतात.

मग माणसात का नाही? थोडं होतं. हवेत अणुचाचण्यांमुळे वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या (कार्बन-१४) मदतीनं २००९ मध्ये हृदयपेशींचं वय मोजलं गेलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. तात्यांच्या अटॅकपुढे हे म्हणजे फुटलेल्या पाटाला मूठभर माती. २०११ मध्ये उंदराच्या एका दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं तर तीन आठवड्यांत भरून आलं. सात दिवसांच्या पिल्लात मात्र व्रण राहिला. म्हणजे आपल्यासारख्या सस्तन प्राण्यातही ही विद्या जन्मतः असते आणि आठवड्यात मावळते. या वयात स्नायूपेशी दुभंगायचं सोडून फक्त जाडजूड होऊ लागतात, बऱ्याच जणींत दोन-दोन केंद्रकं साचतात, आणि मग विभागणं जवळपास थांबतं.

लोक व्रणाला शिव्या देतात, ते मला पटत नाही. अटॅकनंतर मेलेल्या मांसाच्या जागी चिवट व्रण धरला म्हणूनच तात्यांच्या हृदयाची भिंत फाटली नाही. माशातही हृदयाचा भाग गोठवून मारला तर आधी व्रण धरतोच. फरक इतकाच, की चार-एक महिन्यांत मासा तो बहुतेक विरघळवतो आणि तिथं स्नायू आणतो. मला त्यातलं विरघळवणंच जास्त गूढ वाटतं, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही.

आणि औषध? ते माझ्या हातात नाही. तात्यांना ते ठाऊक आहे, तरी सकाळच्या गोळ्या घेताना डबी माझ्यासमोर धरतात. या दिवाळीत मी त्यांना मोबाईलवर दोन दिवसांच्या गर्भाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावला, डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली, ओठ हलवत बराच वेळ मोजलं.

"माझ्यापरास दुप्पट पळतंय की," म्हणाले, आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.