कारखान्याला लागून असलेल्या गच्चीवर लोखंड कापताना

आमच्या गच्चीला खेटून टॉवेलचा कारखाना आहे. यंत्रमाग दिवसभर चालू असतात आणि सुताचा बारीक कापूस उडून खिडकीच्या जाळीवर, वायरींवर, पार आमच्या कठड्यापर्यंत साचतो. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या वर, त्यामुळे गच्चीवर पत्र्याचं शेड हवंच होतं. पण तिथे ग्राइंडर चालवायचा मला धीर होईना. त्याच्या ठिणग्या लांबवर जातात आणि अशा कापसाला एक ठिणगी पुरते.

म्हणून घरातल्या लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉला लोखंडाचं ब्लेड लावायचं ठरवलं. हार्डवेअरवाल्यांनी ब्लेड काढण्याआधीच विचारलं, "मालक, मशीनचा आरपीएम किती?" आरपीएम म्हणजे ब्लेडचे मिनिटाला होणारे फेरे, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. माझ्या मशीनवर ५५०० छापलंय. १८५ मिमीचं ब्लेड या वेगाने फिरतं तेव्हा त्याचे दाते सेकंदाला ५० मीटरहून जास्त पळतात. लोखंड कापायची खास मशीन याहून बरीच सावकाश, साधारण ३५०० ते ४००० आरपीएमवर चालतात, आणि काही ब्लेडं तेवढ्याच वेगासाठी बनवलेली असतात. ती माझ्या मशीनला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम मशीनइतका किंवा त्याहून जास्त हवा. मी घेतलं ते ५८०० चं, कार्बाइडच्या, म्हणजे अतिशय कठीण धातूमिश्रणाच्या दात्यांचं. भोकही मशीनच्या शाफ्टला नेमकं बसणारं घेतलं. ग्राइंडरची दगडी चकती मात्र अशा मशीनला लावू नये. मशीनचं गार्ड त्यासाठी नसतंच.

पहिला बॉक्स पाइप कापला आणि फरक कळला. चकती लोखंड घासून झिजवते, म्हणून ठिणग्यांचा फवारा उडतो. हे ब्लेड लोखंड छिलतं. उष्णता किसाबरोबर निघून जाते, त्यामुळे कापलेली कड लगेच हात लावण्याइतकी कोमट आणि बर, म्हणजे कडेला उरणारे बोचरे काटे, जवळजवळ नाहीत. ठिणगी क्वचित एखादी. पण कीस तापलेला आणि सुईसारखा टोकदार असतो, कॉलरमध्ये शिरतो, बुटात पडतो. गॉगलवर फेसशील्ड, पूर्ण बाह्या आणि कानात प्लग हे हवंच, आवाज भयंकर होतो. कारखान्याच्या बाजूला ओली ताडपत्री लावली आणि पाण्याची बादली जवळ ठेवली.

क्लॅम्पशिवाय एकही काप घेऊ नका. अँगल, म्हणजे L आकाराची पट्टी, पालथा, कोपरा वर करून बांधायचा; तसा ठेवला की दोन्ही पाखं (बाजू) थोडीथोडी कापली जातात, आडवं सपाट पाखं एकदम दात्यांखाली येत नाही. सुटणारा तुकडा मोकळा पडू द्यायचा, नाहीतर तो ब्लेडला चिमटतो आणि मशीन अंगावर उसळतं. ब्लेड पूर्ण वेग घेईपर्यंत लोखंडाला टेकवायचं नाही, आणि नंतर रेटायचंही नाही.

रंगीत पत्र्याला जास्त दात्यांचं ब्लेड लागतं. एका वेळी निदान दोन दाते धातूत असावेत, पण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात ते जमत नाही. म्हणून बारीक दाते आणि खाली थर्माकोल. ग्राइंडरच्या ठिणग्या रंग आणि जस्त जाळतात आणि पुढे तिथूनच गंज धरतो, हा त्रास इथे टळला. मात्र पत्र्यावर राहिलेला कीसही पहिल्या पावसात तांबडे डाग पाडतो. रोज संध्याकाळी मऊ ब्रशने पत्रा झाडायचो, मग मशीनची प्लग काढून खालचं गार्ड साफ करायचो. किसाने गार्ड अडकलं तर ते आपोआप मिटत नाही. ते तारेने बांधून काम करणारे मी पाहिले आहेत, आणि मला ते बघवत नाही.

कठड्याचं स्टेनलेस रेलिंग मात्र या ब्लेडवर घेतलं नाही. त्याला वेगळं ब्लेड आणि कमी वेग लागतो, माझ्या मशीनला वेग कमी करता येत नाही. ते फॅब्रिकेटरकडून त्यांच्याच शेडमध्ये कापून आणलं.