एक मॉप कमी

“मॅडम, एक मॉप कमी येतोय.”

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. मास्कमधून मला फक्त ‘कमी’ ऐकू आलं. मॉप म्हणजे पोटातलं रक्त-पू टिपायचा कापडी रुमाल. संध्याकाळची इमर्जन्सी, आतड्याचं परफोरेशन म्हणजे भोक, पोटभर पू. सर्जन सरांनी पोट बंद करताना शीथ, म्हणजे स्नायूंवरचं आवरण, शिवायला घेतली होती. ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, सिस्टर शेजारी सिझेरियनला अडकलेली, म्हणून स्टुडंट वॉश झालेली, म्हणजे हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज घालून टेबलाशी, आणि फ्लोअरला, म्हणजे टेबलाबाहेरच्या कामाला, मी, ट्यूटर. असं चालत नाही, तरी चालतं.

फळ्यावर लिहिलेले मॉप १५. ट्रॉलीवर ४, बकेटमध्ये वापरलेले १०.

जीएनएम या नर्सिंग डिप्लोमानंतर ११ वर्षं ओटीत काढली, मग ऑपरेशन रूम नर्सिंगचा वर्षाचा डिप्लोमा, आता शिकवते. मुलींना वाटतं, ओटी म्हणजे सरांच्या हातात कात्री देणं. मी त्यांना सुई टोकापासून दोन-तृतीयांशावर पकडायला लावते. पोटात मॉप गेला की त्याला शिवलेली नाडी बाहेर आणि नाडीला आर्टरी, म्हणजे पकडणारा चिमटा. मॉप अर्धा कापलेला दिसला, तर ती मुलगी त्या दिवशी ओटीबाहेर. हे सगळं त्यांना जमतं. काउंट मोठ्याने सांगायचा, हे डब्ल्यूएचओच्या १९ कलमी चेकलिस्टमध्येही आहे. ती आमच्याकडे भिंतीवर आहे, आणि केस संपल्यावर भरतात.

मी बकेटमध्ये चिमट्याने वरवर हलवलं. “दहाच आहेत.” सरांना थांबा म्हटलं नाही. आणखी दोन टाके पडले.

तीच म्हणाली, “सर, काउंट जुळत नाहीये.”

टाके सोडले. सरांनी यकृताखाली, प्लीहेमागे, ओटीपोटात हात घालून चाचपलं. काही नाही. पोर्टेबल एक्स-रे मागवला. तो येईपर्यंत मावशींनी बकेट प्लास्टिकवर उपडी केली. पुवाने चिकटून दोन मॉप एक झालेले.

“मोजता येत नाही तर वॉश कशाला होता?” सर तिला म्हणाले.

वॉश झालेलीचा हात बकेटला लागतच नाही. बकेटमधले मॉप सुटे करून पाच-पाच मांडायचं काम फ्लोअरचं. म्हणजे माझं. हे मी तिथे बोलले नाही. चेंजिंग रूममध्ये तिला सांगितलं, ते कोणी ऐकलं नाही.

दोन दिवसांनी हर्नियाला तीच वॉश झाली. फ्लोअरला मीच. क्लोजरला विचारलं, “काउंट?”

“करेक्ट, मॅडम.”

लगेच. तिच्या ट्रॉलीवरचे गॉझ अजून एकावर एक पडलेले होते.

“सर, दोन मिनिटं थांबा,” मी म्हटलं. बकेट पुढे ओढली आणि एकेक सुटा करत मोठ्याने मोजायला लागले.