लंडनमधली गाणारी सुरी

ग्रुप टूरने गेलो, तेव्हा तक्रार करू नये म्हणतात. करतोच. पॅरिस, ब्रुसेल्स बसच्या खिडकीतून झालं. लंडनला 'तासभर मोकळा वेळ' मिळाला, मंडळी खरेदीला पांगली आणि मी नि ग्रुपमधल्या एक काकू व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये शिरलो. तिकीट नाही म्हटल्यावर काकू खूश.

रेनेसाँच्या दालनात एका कपाटापाशी पाय थांबले. आत एक सुरी, इटलीतली, साधारण १५५० सालची. मूठ हस्तिदंताची, पितळ आणि चांदी घालून सजवलेली. पण खरी गंमत पात्यावर. रुंद पोलादी पात्यावर रेघा आणि त्यांवर कोरलेली स्वरलिपी! एका बाजूला जेवणाआधीची लॅटिन प्रार्थना, उलट बाजूला जेवणानंतरचे आभार.

काकू काचेला नाक लावून म्हणाल्या, "अहो, सुरीवर श्लोक?"

श्लोकच, पण एका सुरीवर एकाच आवाजाची चाल. कुणाकडे टेनर म्हणजे पुरुषाचा उंच स्वर, कुणाकडे बेस म्हणजे खर्ज. सगळ्या सुऱ्या टेबलाभोवती जमल्या तरच गाणं पुरं व्हायचं. आज त्या निरनिराळ्या संग्रहालयांत पांगल्यात. हे कळल्यावर मला त्या सुरीपुढून हलवेना.

त्या काळी युरोपात पाहुणा बहुधा स्वतःची सुरी कमरेला लावूनच जेवायला जाई. पातं म्यानात, मूठ बाहेर. मग ऐट मुठीवरच मिरवणार ना! काटा मागाहून आला. टॉमस कोर्याट नावाच्या इंग्रजाने तो १६०८ मध्ये इटलीत पाहिला, घरी येऊन वापरू लागला, तर मित्रांनी त्याची टर उडवली. हा गडी पुढे बराचसा पायी चालत हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेत वारला. काट्याची चेष्टा सोसलेला माणूस हाताने जेवणाऱ्यांच्या देशात पोचला, हे मला फार आवडतं.

इंग्लंडचे राजे-राण्या मुठींवर कोरलेला १६०७चा सुऱ्यांचा संचही याच म्युझियमचा. तो शोधायला निघालो तोच मॅनेजरचा फोन, "सर, बस निघतेय."

त्या सुऱ्यांवरचं संगीत म्युझियमने गाऊन घेतलंय. बसमध्ये कानाला इयरफोन लावून ऐकायला बसलो. सगळे आवाज एकत्र येणार, तेवढ्यात माइकवर अंताक्षरी सुरू झाली.