नाक कुणावर गेलंय?

बाळ बघायला आलेली माणसं आधी नाकाकडे बघतात. डोळे मिटलेले असतात, केस नावापुरते, रंग तर रोज बदलतो. ठामपणे काही बोलावं असं नाकच काय ते. मग आत्या म्हणते, आमच्यावर गेलंय. मावशी म्हणते, छे, हे आमच्या अण्णांचं नाक. गेल्या महिन्यात आमच्या घरी हेच झालं. फरक इतकाच, की बाळ धातूचं होतं, २२ सेंटिमीटर लांब होतं आणि त्याला दोन नाकं होती. एक पुढे, एक मागे.

बाळाचं नाव क्रोकोडाइल. स्वित्झर्लंडच्या रेल्वेचं शंभरी ओलांडलेलं विजेचं इंजिन, आणि आमच्या घरी आलं ते त्याचं अगदी ताजं, या वर्षीच निघालेलं मॉडेल. भाच्याने ते झुरिकहून केबिन बॅगेतून आणलं. क्ष-किरणांच्या पडद्यावर सोळा चाकं, सळया आणि तारा दिसल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली. डबा बघून त्याने शेजारच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला बोलावलं, त्याने आणखी एकाला. भाचा म्हणाला, "मामा, मला वाटलं आता विमान चुकतंय. तर ते तिघं आपसांत हिरवं चांगलं की तपकिरी, यावर वाद घालत होते!" मला याचं नवल वाटलं नाही. हा वाद मी पंधरा वर्षं ऐकतोय.

ज्यांनी हे ध्यान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडची कोळशावाचून फार ओढाताण झाली. देशात कोळसा नाही, बाहेरून यायचा तो अडला. डोंगर आणि पाणी मात्र रग्गड. तेव्हा गोटहार्ड घाटातली रेल्वे विजेवर चालवायचं त्यांनी मनावर घेतलं. १८८२ सालची ही लाइन, मधोमध १५ किलोमीटरचा बोगदा, दोन्ही बाजूंनी उभा चढ आणि वळणांवर वळणं. त्या काळच्या मोटरी होत्या चांगल्या धिप्पाड. आज बसवतात तशा चाकांच्या मध्ये त्या मावणं शक्यच नव्हतं. म्हणून त्या वर, इंजिनाच्या पुढच्या-मागच्या लांब नाकांत बसवल्या आणि त्यांची ताकद चाकांपर्यंत न्यायला वाफेच्या इंजिनासारखे रॉड लावले. जड ट्रान्सफॉर्मर मधल्या खोलीत गेला. पुढे नाक, मधे घर, मागे नाक असे तीन तुकडे आणि मधे सांधे, म्हणजे वळणावर सगळं अंग वळायचं. १९१९ पासून ही इंजिनं बाहेर पडू लागली. लोकांनी ती डोंगरात सरपटताना पाहिली आणि मगर म्हणून टाकलं.

कागदोपत्री नाव वेगळं आहे, सीई ६/८. आठ आसांपैकी सहा ओढणारे, दोन नुसते सोबतीला. (एकत्र कुटुंबात हे प्रमाण वाईट नाही.)

तर मॉडेल आल्याचं कळल्यावर त्या रविवारी आमचं मंडळ जमलं. मंडळ म्हणजे मॉडेल-इंजिनांचे वेडे असे आम्ही पाच जण. त्यात एक दाताचे डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, मी आणि आमचे फोरमनसाहेब. फोरमनसाहेबांची सगळी नोकरी रेल्वेच्या विजेच्या इंजिनांत गेली, त्यामुळे आमच्यात अपील करायचं शेवटचं कोर्ट तेच. डबा मी हापूसच्या पेटीसारखा उघडला. कागद सारला, वास घेतला. नव्या मॉडेलला तेलाचा आणि रंगाचा एक वास असतो. नंतर कोणी बोलेना. दोन मिनिटं गेली आणि मग स्वागत सुरू झालं.

आमच्यात स्वागत म्हणजे चुका काढणं. ज्या मॉडेलचं कौतुक नाही ते आणलं की लोक "छान आहे हो" म्हणतात आणि चहाकडे वळतात. ज्याची वर्षभर वाट पाहिली, त्याचीच अशी उलटतपासणी होते. डॉक्टरांनी खिशातून भिंग काढलं. ते त्यांच्या खिशात रविवारीही कसं असतं, हे मी विचारत नाही.

"हे दोन नंबरचं ना?" फोरमनसाहेबांनी विचारलं. क्रोकोडाइलचे दोन वाण आहेत. पहिली ३३ इंजिनं दोन नंबरची, पुढे १९२६च्या सुमाराची १८ तीन नंबरची. दोन नंबरच्या रॉडांना मधे एक त्रिकोणी चौकट आहे. तीन नंबरमध्ये ती काढून एक तिरका रॉड लावला. "मग इथे त्रिकोण पाहिजे." त्रिकोण होता. साहेबांचा चेहरा थोडा पडला, असं मला वाटलं.

मग रंग. ही इंजिनं सुरुवातीला तपकिरी होती, नंतर हिरवी झाली. आमचं तपकिरी आहे. १९२० सालचा तो तपकिरी प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आमच्यात अर्थातच कोणी नाही, आणि त्या वेळचे फोटो काळेपांढरे. तरीही रंग एक छटा गडद झालाय, यावर तिघांचं एकमत झालं.

शेवटी नाकावर आले. नाकाचा उतार बरोबर आहे की नाही, यावर चहाच्या दोन फेऱ्या गेल्या. बँकवाल्यांकडे जुनं मॉडेल आहे, त्यांच्या काकांनी जर्मनीहून आणलेलं. मेर्कलिन कंपनीने एचओ मापातलं, म्हणजे १:८७ मापातलं, क्रोकोडाइल १९४७ सालीच बाजारात आणलं होतं. इकडे आपण स्वतंत्र होत होतो आणि तिकडे पडझड झालेल्या जर्मनीत कोणी तरी खेळण्यातल्या मगरीचं नाक घासत बसलं होतं. बँकवाल्यांचं म्हणणं, नाक असावं तर त्या जुन्यासारखं. मुलगा म्हणाला, "काका, ते मॉडेल खेळण्यातल्या रुळांवर वळावं म्हणून केलेलं होतं. हे मापात आहे." यावर बँकवाले म्हणाले, "मापात असेल. पण ते नाक ते नव्हे." याच्यावर उत्तर नसतं. अण्णांचं नाक ते अण्णांचं नाक.

मुलाने मग कागद-पेन्सिल घेतली. खरं इंजिन साडेएकोणीस मीटरच्या आसपास. एकदा ८७ ने भागलं की आमचे २२ सेंटिमीटर येतात. खरं वजन १२८ टन, ते मात्र लांबी, रुंदी, उंची अशा तिन्हींसाठी ८७ ने तीनदा भागायचं. उरतात १९५ ग्रॅमच्या आत, म्हणजे धड दोन वडापावसुद्धा नाहीत. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर अर्ध्या किलोच्या वर भरलं. म्हणजे अस्सल मगर आमच्या मगरीच्या मानाने पोकळच निघाली! आणि वेग? ताशी ६५ किलोमीटरचे ८७ भाग केले की सेकंदाला जेमतेम एक वीत. इतकी सावकाश गाडी बघायला पाच मोठी माणसं टेबलावर हनुवटी टेकून बसली होती. हिचा चहा निवला.

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग फोरमनसाहेबांनी कापडी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी काढलं आणि मगरीशेजारी ठेवलं. पुठ्ठ्याचं इंजिन. रॉड सायकलच्या स्पोकचे, चाकं शर्टाच्या बटणांची, वर केसांच्या पिनांचे पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारे दांडे. नाक होतं, पण बसकं. मी लगेच ओळखलं. "खेकडा!"

खेकडा म्हणजे आपल्याकडचं मालगाडीचं जुनं विजेचं इंजिन. माझं लहानपण कल्याणचं. डोंबिवलीकडे तोंड करून यार्डाच्या पुलावर उभं राहिलं की खाली कुठे तरी खेकडा असायचाच. तेव्हा तो म्हातारा झाला होता, डबे इकडून तिकडे लावायचा. उभा असला तरी कण्हायचा आणि चालायला लागला की रॉड असे फिरायचे, की हा पुढे चाललाय की आडवा, कळू नये. आजी म्हणायची, याचे सांधे दुखतात. हे खेकडे १९२८ पासून आले, जीआयपी रेल्वेसाठी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेसाठी, एकूण ४१. सुरुवातीचे आले ते स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावच्या कारखान्यातून, बाकीचे इंग्लंडात व्हल्कन फाउंड्रीत झाले. आणि मगरीचा सांगाडाही विंटरथूरच्याच त्या कारखान्यातला. म्हणजे दोघांचं माहेर एक. पाण्यातल्या प्राण्यांना दोन्हीकडे डोंगर चढायलाच का लावलं, हे मात्र मला कळलेलं नाही.

कारण खेकड्यांचं खरं काम बोरघाट आणि थळघाट. पुण्यापर्यंत वीज १९२९ साली पोचली आणि मालगाड्या वर खेचायचं काम यांच्या गळ्यात पडलं. ते १९९०च्या सुमारापर्यंत कुठे ना कुठे राबत होते. मगरींना ऐंशीच्या दशकात आराम मिळाला. त्यांच्यातल्या काही अजून फिरतात, सणासुदीला. घाटाच्या पायथ्याच्या एर्स्टफेल्डला त्यांचं ठाणं आहे आणि ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयातही एक आहे. आमचा खेकडा दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये बसलाय. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात एक आहे, तिथे शाळेच्या सहलीतली मुलं त्याच्यापुढे डबे उघडून पोळीभाजी खातात. मला ते आवडतं. मालगाडीच्या इंजिनाला यापेक्षा चांगली सोबत नको.

डॉक्टरांनी भिंग पुठ्ठ्याकडे वळवलं. आता आत्या-मावश्या एका जागी आणि पोरं दोन. मगरीच्या नाकाशी खेकड्याचं नाक ताडून बघणं चाललं. "भाऊ नाहीत, पण चुलतभाऊ नक्की," असा निकाल लागला. रंगाबद्दल कोणी बोललं नाही. पुठ्ठ्याला साहेबांनी पोस्टर कलर लावला होता आणि तो एका कोपऱ्यात ओघळला होता. भिंग त्या कोपऱ्यावरून पुढे सरकलं, न थांबता.

"घाट चढवू या का?" मुलगा म्हणाला.

बोरघाटाचा चढ ३७ ला १. सदतीस फूट पुढे जा, एक फूट वर. गोटहार्डचा सर्वांत कडक चढही हजाराला २७, म्हणजे फिरून ३७ ला १ च. हे मी कितीदा तरी वाचलं होतं, पण दोन्ही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिलेले त्या दिवशी प्रथम पाहिले. आमचं जेवणाचं टेबल सहा फुटी. एक बाजू दोन इंचांना थोडी कमी उचलली की झाला बोरघाट. कर्जत ते लोणावळा खरं अंतर २८ किलोमीटर, ८७ ने भागूनही ३२० मीटर उरतं, म्हणजे आमच्या गेटपासून मंडईपर्यंत. तितके रूळ कुणाकडे नाहीत. तेव्हा नुसता पळसदरीच्या पुढचा एक तुकडा धरला. दोन पायांखाली दोन पाट सरकवले. कप आपोआप कर्जतकडे निघाले, ते उचलले.

मगर पुढे, मागे सहा डबे आणि शेवटी पुठ्ठ्याचा खेकडा. त्याला मोटर नव्हती, पण घाटात मागून ढकलणारं इंजिन, बँकर, असतंच, असं साहेबांचं म्हणणं. मी कंट्रोलर हळूच फिरवला. मॉडेलमधल्या चिपने मगरीच्या पंख्याची घरघर सुरू केली. साहेबांनी मागच्या खेकड्याजवळ तोंड नेलं आणि कण्हायला सुरुवात केली. तो आवाज! पुलावरून ऐकलेला, अगदी तोच. मला काही सुचेना. मी कंट्रोलर जरा जास्तच फिरवला असणार, कारण गाडी दोन फूट चढली आणि मगरीची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"घसरतंय! वाळू मारा, वाळू!" साहेब ओरडले. खऱ्या इंजिनात त्यासाठी वाळूच्या पेट्या असतात, चाकांपुढे रुळांवर वाळू सोडतात आणि पकड येते. सवयीने त्यांचा हात टेबलाच्या कडेवर काही तरी दाबायला गेला.

"वाळू कुठली आणू आता?" मी म्हणालो.

"रवा असेल," बँकवाले म्हणाले.

मी नको नको म्हणत होतो. त्या गिअरांत रव्याचा एक कण गेला तर, हा विचारही मला सहन होत नव्हता. तोवर स्वयंपाकघरातून डबा उघडल्याचा आवाज आला.

"बारीक हवाय का जाडा?" हिने आतून विचारलं.